भारी आहे, पण भीती वाटली का?

(कॅडेट, इयत्ता दहावी)

एका शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर आमच्या हाउसच्या कॉमन रूममध्ये मी माझा ५ मिनिटे ४० सेकंदांचा भयपट दाखवला. हाउस मास्टरांची परवानगी होती, टीव्हीला पेनड्राइव्ह लावला होता, दिवे बंद केले होते. चित्रपट संपला, दिवे लागले, टाळ्या झाल्या. मी पुढे जाऊन उभा राहिलो आणि सवयीने तोंडातून निघाले, "कोई शक?" चौतीस कॅडेट एका सुरात ओरडले, "नो शक!" मग सगळे झोपायला गेले. जाता जाता पाचसहा जणांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "भारी आहे."

पालकांच्या माहितीसाठी सांगतो. ड्रिलचा किंवा शस्त्राचा धडा संपला की उस्ताद "कोई शक?" असे विचारतात. शंका असेल तर ती तेव्हा विचारायची असते. पण शंका विचारली की धडा लांबतो, आणि धडा लांबला की नाश्ता चुकतो. म्हणून सहावीत आल्यावर पहिल्या महिन्यातच प्रत्येक जण "नो शक" शिकतो.

त्या रात्री बेडवर पडल्यावर माझ्या लक्षात आले, की चौतीस जणांनी माझा चित्रपट पाहिला आणि मला त्याबद्दल एकही गोष्ट कळली नाही. कोणाला कुठे भीती वाटली? मुळात वाटली का? त्यानंतरच्या काही महिन्यांत हौशी भयपटावर अभिप्राय कसा द्यायचा आणि कसा घ्यायचा याबद्दल जे समजले, ते इथे लिहितो. सुट्टीत फोनवर छोटे चित्रपट करणारे आपल्याकडे आता बरेच झाले आहेत, आणि त्यातले निम्मे तरी भुताचेच असतात.

आधी माझा चित्रपट काय होता ते सांगायला हवे. माझे आजोबा बेंगळुरूच्या चामराजपेटेत राहतात. ही वस्ती १८९२ मध्ये जुन्या पेटेच्या बाहेर आखून वसवली. सरळ मेन रोड आणि त्यांना कापणारे क्रॉस. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांचे नाव तिला दिले आहे. आजोबांचे घर जुन्या पद्धतीचे आहे. तांबडी गुळगुळीत जमीन, उंच छत, पुढे जाड लाकडी दार, मग लांब बोळ आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. दिवसा बाहेर एवढी रहदारी असते की घरात मोठ्याने बोलावे लागते. रात्री मात्र बोळात स्वतःची पावले ऐकू येतात. भयपटासाठी याहून चांगली जागा मला शोधूनही मिळाली नसती, आणि ती फुकट होती.

गोष्टही बेंगळुरूचीच घेतली. १९९० च्या दशकात या शहरात एक अफवा पसरली होती. रात्री एक बाई दार वाजवते आणि घरातल्या माणसाला त्याच्या ओळखीच्या आवाजात हाक मारते. दार उघडले की संपले. यावर उपाय म्हणून लोकांनी आपल्या दारांवर कन्नडमध्ये 'नाळे बा' असे लिहून ठेवले. म्हणजे 'उद्या ये'. ती बाई ते वाचते आणि परत जाते. दुसऱ्या रात्री येते, पुन्हा तेच वाचते, पुन्हा परत जाते. २०१८ च्या 'स्त्री' या हिंदी चित्रपटात हीच कल्पना चंदेरी गावात नेली आहे. माझ्या आत्याला ते दिवस चांगले आठवतात. आमच्या दारावर तिनेच खडूने लिहिले होते म्हणे.

माझ्या चित्रपटात एक मुलगा रात्री घरी एकटा असतो. तो दारावर खडूने 'नाळे बा' लिहितो. दार वाजते. बाहेरून आवाज येतो. तो दार उघडत नाही. सकाळी पाहतो तर दारावरची अक्षरे कोणीतरी पुसलेली असतात. काम आत्याच्या मुलाने केले, तो बारा वर्षांचा आहे. कॅमेरा म्हणजे मामाचा फोन.

आता अभिप्रायाकडे येतो.

भयपट आणि विनोदी चित्रपट यांचे एक सारखे आहे. दोन्हींत प्रेक्षकाचे शरीर आधी उत्तर देते, डोके नंतर. हसू आले की येतेच. दचकलो की खांदे वर जातातच. म्हणून चित्रपट संपल्यावर "कसा वाटला?" विचारणे म्हणजे मोठ्या उत्तराकडे पाठ फिरवून लहान उत्तर मागणे. तोपर्यंत प्रेक्षकाचे डोके जागे झालेले असते, मैत्री आठवलेली असते, आणि मेसमध्ये आपण उद्या शेजारी बसणार आहोत हेही आठवलेले असते.

आजोबा दरवर्षी रामनवमीच्या सुमारास फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर मैफली ऐकायला जातात. श्री रामसेवा मंडळी १९३९ पासून हा संगीतोत्सव करते, आणि चामराजपेटेतल्या कित्येक घरांतली माणसे त्या दिवसांत संध्याकाळी घरी सापडत नाहीत. मी एकदा आजोबांबरोबर बसलो होतो. मला रागातले काही कळत नव्हते म्हणून मी श्रोत्यांकडे बघत होतो. एखादी जागा आवडली की तिथल्या तिथे मान हलते, मांडीवर हात पडतो, कोणीतरी "भले!" म्हणते. गाणे संपल्यावरची टाळी सगळ्यांना सारखीच मिळते, पण ही दाद नेमक्या जागेवर पडते. गाणाऱ्याला कळते की काय पोचले. भयपटालाही तशी जागेवरची दाद मिळत असते. ती अंधारात मिळते, आणि दिग्दर्शक पडद्याकडे बघत बसलेला असतो.

म्हणून दुसऱ्या वेळी मी माझ्या शेजारच्या बेडवरच्या मित्राला टीव्हीखाली, पडद्याकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून बसवले. त्याच्या हातात स्टॉपवॉच आणि वही. त्याने फक्त लिहायचे: १.१२ ला दोघे पुढे वाकले. २.०५ ला जांभई. २.२० ला मागच्या रांगेत कुजबुज. ३.२० ला हसू. पडद्याचा उजेड चेहऱ्यांवर पडतो, त्यामुळे समोरून सगळे स्पष्ट दिसते. त्या मित्राने माझा चित्रपट अजून पाहिलेला नाही, फक्त चेहऱ्यांवर पाहिला आहे, आणि तो उत्कृष्ट असल्याचे तो सगळ्यांना सांगतो.

हसण्याबद्दल थोडे जास्त लिहावे लागेल, कारण नवीन दिग्दर्शक हसण्याला फार घाबरतात. भयपटात दोन प्रकारचे हसू येते. एक दचकल्यानंतर लगेच येते. त्यात माणूस शेजाऱ्याकडे बघून हसतो, 'तूही घाबरलास ना' अशा अर्थाने. हे हसू म्हणजे पावती आहे. दुसरे हसू पडद्याकडे बघून येते. ते पडद्यावर जे चालले आहे त्यालाच असते. माझे ३.२० चे हसू दुसऱ्या प्रकारचे होते. दाराबाहेरून आवाज येतो, "बाळ, जेवलास का रे?" आणि पहिल्याच खेळात सातवीतला एक कॅडेट मोठ्याने म्हणाला होता, "भूत जेवणाचं विचारतंय!" सगळी कॉमन रूम हसली होती.

मी त्याच्याकडे वळून असा बघितला, की पुढची दोन मिनिटे तो श्वासही जपून घेत होता. त्या क्षणी मी सीनियर झालो आणि दिग्दर्शक राहिलो नाही. त्याच्यानंतर ज्युनियरांपैकी कोणीही आवाज काढला नाही, आणि संपल्यावर "नो शक" सर्वांत मोठ्याने त्यांनीच म्हटले. लष्करी शाळेत अभिप्रायाची ही खास अडचण आहे. आपल्याकडे प्रत्येकाच्या वर कोणीतरी असतो. ही गोष्ट मी आमच्या एका इन्स्ट्रक्टरांना सांगितली, तेव्हा त्यांनी एक नियम सांगितला जो मला माहीत नव्हता. लष्करी न्यायालयात सदस्यांची मते घेताना सुरुवात सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून करतात. वरिष्ठ आधी बोलला तर बाकीच्यांचे मत त्याच्या मागे फॉल-इन होते. तेव्हापासून मी आधी सातवीला विचारतो, मग आठवीला, शेवटी माझ्या वर्गाला. आणि चिठ्ठ्यांवर नाव लिहायचे नाही. अक्षरावरून ओळखू येते ही गोष्ट वेगळी.

प्रेक्षक खर्च होतात, हेही मला उशिरा समजले. पहिल्यांदा पाहणारा माणूस एकदाच पहिल्यांदा पाहतो. रेंजवर मिळालेल्या राउंडसारखे आहे, झाडली की गेली. मी पहिल्याच शनिवारी चौतीस राउंड एकदम झाडून टाकल्या, तेही लक्ष्य न बघता. पुढच्या खेळांसाठी मला दुसऱ्या हाउसमधून ज्युनियर मागून आणावे लागले. एका वेळी सहासात जणांना दाखवा, बाकीचे राखून ठेवा.

दचका कुठे आणि किती, यावर प्रेक्षकांचे ऐकण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९७५ च्या 'जॉज' चे आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी चित्रपट प्रदर्शित होण्याआधी तो प्रेक्षकांना दाखवला. एका जागी लोक जोरात किंचाळले. त्यांना वाटले, अजून एक किंकाळी मिळाली तर बरे. मग बुडालेल्या होडीच्या भोकातून एका मेलेल्या कोळ्याचे डोके बाहेर येते तो प्रसंग त्यांनी नंतर घेतला. तोही समुद्रात नव्हे, तर संकलक व्हर्ना फील्ड्स यांच्या घरच्या पोहण्याच्या तलावात. किंकाळी मिळाली. पण स्पीलबर्ग यांनीच पुढे सांगितले आहे, की त्यानंतर शार्क पहिल्यांदा समोर येतो त्या जागेची किंकाळी कमी झाली. प्रेक्षक एकदा फसला की सावध बसतो. मला हे उदाहरण आवडते, कारण त्यात प्रेक्षकांचे ऐकले म्हणून फायदाही झाला आणि किंमतही मोजावी लागली.

दुसऱ्या खेळानंतर चिठ्ठ्या आणि मित्राची वही मी शेजारी शेजारी ठेवली. एका चिठ्ठीत लिहिले होते, संगीत बोअर आहे. दुसरीत, मुलाला अभिनय येत नाही. तिसरीत, फार अंधार आहे, काही दिसत नाही. चौथ्याने काही लिहिले नव्हते, पण वहीप्रमाणे त्याने दोनदा जांभई दिली होती. मला वाटले ही चार वेगळी दुखणी आहेत, आणि चारही खोटी आहेत, कारण संगीत मला स्वतःला आवडत होते. मग प्रत्येकाला विचारले, नेमके कुठे? चौघांनीही १.५० ते २.४० याच्या मधलीच जागा सांगितली.

ज्यांनी फायरिंग केले आहे त्यांना ग्रुपिंग माहीत आहे. पाच गोळ्या जवळ जवळ लागल्या, पण मध्यापासून लांब लागल्या, तर नेमबाज चांगला आहे आणि साइट बिघडली आहे. अभिप्रायाचेही तसेच. लोक कारणे कोणती देतात यापेक्षा ती कुठे पडतात हे आधी बघायचे. त्या ५० सेकंदांत माझा मुलगा बोळातून दारापर्यंत तीनदा जात होता. तीनदा का? कारण बोळ सुंदर दिसत होता. पहिल्या फेरीत जे कळले त्याहून जास्त दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत काहीच कळत नव्हते. मी ३५ सेकंद कापले. त्यानंतर संगीत, अभिनय आणि अंधार या तिन्ही तक्रारी थांबल्या, आणि मी त्यांतल्या एकालाही हात लावला नव्हता. 'लांब आहे' असे चौघांपैकी कोणीच म्हटले नव्हते. एम. आय. रूममध्ये जाऊन पोट दुखते म्हणणारा मुलगा खोटे बोलत नसतो (परीक्षेचे दिवस सोडून). पण औषध कोणते ते त्याला विचारत नाहीत.

काही अभिप्राय मात्र असे असतात, की त्यांवर विचार करत बसायचेच नसते. मंड्याच्या एका आठवीतल्या कॅडेटने दुसऱ्या खेळानंतर मला बाजूला घेतले आणि हळूच सांगितले, "दारावर चुकीचं लिहिलंय." मला कन्नड बोलता येते, लिहिताना अडखळतो. मी 'नाळे' मधला ळ चुकवून ल लिहिला होता. कन्नडमध्ये 'नाळे' म्हणजे उद्या आणि 'नाले' म्हणजे कालवा. त्यांच्या मंड्यात विश्वेश्वरय्या कालव्यालाही नालेच म्हणतात. म्हणजे माझ्या मुलाने अख्खी रात्र भुताला घालवायचे सोडून कालव्याला घरी बोलावले होते. एवढ्या चौतीस जणांत हे त्याच्या एकट्याच्या लक्षात आले, असे मला वाटले. नंतर कळले की सहा जणांच्या लक्षात आले होते. बाकीचे पाच जण "नो शक" म्हणाले होते.

अभिप्राय घेताना मी सर्वांत जास्त केलेली चूक म्हणजे उत्तरे देणे. कोणी म्हटले आवाज खरखरतो, की मी सांगायचो की तेव्हा शेजारी कुकर लावला होता. कोणी म्हटले हा शॉट हलतो, की मी सांगायचो की बॅटरी ४ टक्के होती आणि भाऊ झोपेला आला होता. सगळे खरे होते. शेवटी एकाने विचारले, "तू प्रत्येकाच्या घरी जाऊन हे सांगणार आहेस काय?" चित्रपटाबरोबर दिग्दर्शक जात नाही. त्यामुळे समोरचा बोलत असताना फक्त लिहून घ्यायचे, आणि शेवटी विचारायचाच असेल तर एक प्रश्न विचारायचा: गोष्ट काय होती ते मला सांग. यासारखा प्रश्न नाही. सहा जणांना विचारल्यावर दोघांनी सांगितले की शेवटी मुलगा मरतो. एक म्हणाला, दारात त्याचे बाबा आले होते आणि त्याने उगीच त्यांना बाहेर ठेवले. माझ्या डोक्यात हे कुठेच नव्हते, पण पडद्यावर होते.

आता देणाऱ्याबद्दल. इथे मला माझेच उदाहरण द्यावे लागते आणि ते लिहायला बरे वाटत नाही. मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलाने ग्रंथालयातल्या भुताचा चित्रपट केला होता. संपल्यावर सगळ्यांसमोर मी म्हणालो, "भूत पिठाच्या डब्यात पडल्यासारखं दिसतंय." खूप हशा झाला. तो त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला विनोद होता, हे मी आजही मान्य करतो. त्या मुलाने त्यानंतर कॅमेरा हातात घेतलेला नाही.

माझे निरीक्षण चुकीचे नव्हते. चेहरा पिठाचाच दिसत होता. पण उपयोगाची गोष्ट मी सांगितलीच नाही, कारण मी ती बघितली नव्हती. तो चेहरा आठ सेकंद पडद्यावर होता. एक सेकंद असता तर पीठ कोणाला दिसले नसते. डेव्हिड सँडबर्ग या स्वीडनच्या दिग्दर्शकाने २०१३ मध्ये 'लाइट्स आउट' नावाचा तीन मिनिटांपेक्षाही छोटा चित्रपट स्वतःच्या घरात केला, काम बायकोने केले. त्यात दिवा बंद केला की बोळात एक काळी आकृती दिसते, लावला की दिसत नाही. एवढेच. एका बटणावर जग घाबरले. त्या मुलाला मी "तुझं भूत मला फार वेळ दिसलं" एवढे सहा शब्द, तेही एकट्याला गाठून सांगितले असते, तर त्याला काहीतरी करता आले असते. पिठाच्या डब्याचे त्याने काय करायचे होते?

म्हणून देणाऱ्याने तीनच गोष्टी सांगाव्यात असे मला वाटते. कुठे, काय वाटले, आणि काय समजले. 'मी असतो तर' या शब्दांनी सुरू होणारे वाक्य शक्यतो गिळावे, कारण त्यात माणूस स्वतःचा चित्रपट सांगायला लागतो. आमच्या हाउसमधल्या एकाने मला 'मी असतो तर' ने सुरुवात करून वीस मिनिटे झोंबींची गोष्ट सांगितली. त्यात रणगाडा होता.

कापायला जीव होत नाही त्यांच्यासाठी 'तुंबाड' ची हकीकत आहे. लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव राही अनिल बर्वे यांनी तो केला. चित्रीकरण २०१२ मध्ये झाले, पण जोडून पाहिल्यावर समाधान झाले नाही. मग पटकथेवर पुन्हा काम करून नव्याने चित्रीकरण केले, आणि चित्रपट प्रदर्शित झाला तो १२ ऑक्टोबर २०१८ ला. मी ३५ सेकंद कापताना एक आख्खी प्रेप तोंड पाडून बसलो होतो. 'तुंबाड' मला अजून घरी बघू दिलेला नाही, पण मामाने त्यातली आजी साभिनय करून दाखवली आहे. ती कल्पना मराठी भयकथाकार नारायण धारप यांच्या गोष्टीवरून आली. तिथे घरातली आजीच सर्वांत भीतिदायक असते.

माझ्या चित्रपटातही आजी होती. हे शाळेत कोणाला माहीत नव्हते.

"बाळ, जेवलास का रे?" हा आवाज माझ्या आज्जीचा आहे. मी सातवीत असताना ती आईच्या फोनवर व्हॉइस मेसेज पाठवायची, आणि आई रविवारी फोनवर मला ते ऐकवायची. सगळ्या मेसेजमध्ये हाच प्रश्न असायचा. आज्जी दोन वर्षांपूर्वी गेली. भूत ओळखीच्या आवाजात हाक मारते असे गोष्टीत होते, म्हणून मी तो आवाज घातला. माझ्यासाठी त्याहून ओळखीचा आवाज कोणता असणार? आणि त्याच जागी कॉमन रूम हसली. सातवीतल्या त्या मुलावर माझा राग का होता ते आता लक्षात आले असेल. पण त्याला हे माहीत नव्हते, आणि माहीत असण्याचे कारणही नव्हते. त्याच्यासाठी तो एका बाईचा प्रेमळ आवाज होता आणि ती जेवणाचे विचारत होती. त्याचा अभिप्राय बरोबर होता.

मी आवाज बदलायचे ठरवले. अ‍ॅपवर एक घोगरा आवाज तयार केला. सुट्टीत चामराजपेटेला गेलो तेव्हा माझ्याकडे दोन प्रती होत्या.

जुनी प्रत आधी आत्याला दाखवली. ३.२० ला ती उठून आत गेली. थोड्या वेळाने पदराला हात पुसत बाहेर आली आणि एवढेच म्हणाली, "अप्पांना विचारलंस?" विचारले नव्हते. वर्गात, हाउसमध्ये, दुसऱ्या हाउसमध्ये सगळ्यांना विचारून झाले होते. ज्यांना पहिल्यांदा विचारायचे, त्यांचे नाव माझ्या यादीतच नव्हते. शूटिंगच्या रात्री आजोबा पलीकडच्या खोलीत झोपलेले होते.

त्या रात्री जेवणानंतर मी आजोबांच्या शेजारी बसलो, आवाज कोणाचा आहे ते आधी सांगितले, आणि मग चित्रपट लावला. त्यांनी फोन कानाजवळ धरून पाहिला. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा संपल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले आता रागावतील. मग म्हणाले, "ती दारातून कधी विचारायची नाही रे. स्वयंपाकघरातून विचारायची."

मी विचारले, "ठेवू का हा आवाज? नको म्हणालात तर काढतो."

"ठेव. पण भूत म्हणू नकोस तिला."

एवढाच अभिप्राय. कुठे, आणि काय वाटले. मी घोगऱ्या आवाजाची प्रत पुसून टाकली आणि उरलेल्या चार दिवसांत शेवटचा भाग पुन्हा घेतला. आता दार वाजते, पण बाहेरून काही बोलणे येत नाही. नुसते वाजत राहते. मुलाचा हात कडीकडे जातो. तेवढ्यात मागून, बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज येतो, "बाळ, जेवलास का रे?" हात थांबतो. तो मागे वळतो. स्वयंपाकघरात अंधार आहे. सकाळी दारावरची अक्षरे पुसलेली असतात. दारावरचा ळ या वेळी बरोबर आहे.

नवीन प्रत ४ मिनिटे ५० सेकंदांची आहे. ती राखून ठेवलेल्या आठ ज्युनियरांना दाखवली, आणि हसलेल्या त्या मुलालाही मुद्दाम बोलावले. तो जागा कशी येणार ते ओळखून होता, तरी हसला नाही. वहीत त्याच्या नावापुढे लिहिले आहे: 'मागे वळून पाहिले.' कॉमन रूममध्ये त्याच्या मागे फक्त पाण्याचा कूलर आहे. चिठ्ठ्यांत मात्र एकमत नाही. तिघांनी लिहिले की आता हा भयपट राहिलाच नाही. दोघांनी लिहिले की आता जास्त भीती वाटते, कारण बाहेरच्याला 'उद्या ये' सांगता येते, आतल्याला काय सांगणार? यावर मी काही करणार नाही. गोळ्या विखुरलेल्या आहेत, आणि मला तो तसाच हवा आहे.

पालक भेटीच्या दिवशी आईने पेनड्राइव्ह नेला आणि आजोबांना दाखवला. रविवारी फोनवर आजोबा म्हणाले, बरा झालाय. मग थोडे थांबून म्हणाले, "ते मागचं भांडं स्टीलचं वाटतंय. आपलं पितळेचं होतं."

ते भांडे मी मेसमध्ये रेकॉर्ड केले होते. पितळेचे माळ्यावर आहे, आत्याने सांगितले. पुढच्या सुट्टीत काढायचे आहे.